विद्यार्थी कर्जे, शासकीय

उच्च शिक्षणाचा खर्च भागविता यावा, म्हणून शासनाने स्वतःच्या निधीतून अथवा आपल्या हमीवर बँकांमार्फत विद्यार्थ्यांना दिलेली आणि शिक्षण संपल्यानंतर हप्त्यांनी परत घेतली जाणारी कर्जे. शिष्यवृत्ती व अनुदान यांची परतफेड करावी लागत नाही. कर्जाचे मुद्दल आणि बहुधा त्यावरील व्याजही फेडावे लागते. या कर्जांचे शैक्षणिक शुल्कासाठी दिलेले व निर्वाहासाठी दिलेले असे दोन प्रकार आढळतात.

शासनाला या व्यवहारात का पडावे लागते, याचे कारण कर्जाच्या स्वरूपातच आहे. घर वा जमीन घेण्यासाठी काढलेल्या कर्जाला ती मालमत्ताच तारण असते. विद्यार्थ्याने मिळविलेली विद्या मात्र जप्त करता येत नाही आणि माणूस स्वतःला गहाण ठेवू शकत नाही. तो अभ्यासक्रम पूर्ण करील की नाही, त्याला नोकरी मिळेल की नाही, हे कर्ज देताना सांगता येत नाही. त्यामुळे मालमत्ता वा सधन जामीनदार नसलेल्या विद्यार्थ्याला खाजगी सावकार किंवा बँक सहसा कर्ज देत नाही. ही उणीव शासकीय हमीने भरून निघते. परंतु जोखीम त्यामुळे नाहीशी होत नाही. ती विद्यार्थी, बँक, महाविद्यालय आणि करदाता यांच्यापैकी कोणी व किती सोसावयाची, हाच या योजनांच्या इतिहासातील मूळ वाद होय.

पूर्वपीठिका : ‘आधी शिक्षण, मग परतफेड’ ही कल्पना शासकीय योजनांपूर्वीची आहे. जमशेटजी टाटा यांनी १८९२ मध्ये स्थापन केलेल्या निधीतून परदेशी उच्च शिक्षणासाठी भारतीय विद्यार्थ्यांना परतफेडीच्या अटीवर ‘कर्ज-शिष्यवृत्त्या’ मिळू लागल्या. त्यांच्या आरंभीच्या लाभार्थींत कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर यांचा समावेश होता. संस्थानी शिष्यवृत्त्यांत परतफेड पैशाऐवजी सेवेच्या रूपाने अपेक्षिलेली असे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना १९१३ मध्ये बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती मिळाली, ती शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याच्या करारावर. राष्ट्रीय पातळीवर केवळ विद्यार्थी कर्जांसाठी स्थापन झालेली पहिली संस्था म्हणून दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशाच्या १९५० मधील संस्थेचा उल्लेख करतात. या कर्जांचा सर्वांत मोठा विस्तार मात्र अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत झाला.

अमेरिकेतील प्रारंभ : दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना १९४४ च्या कायद्यान्वये शिक्षणासाठी जे साहाय्य मिळाले, ते अनुदानरूप होते. सुमारे २२ लाख माजी सैनिकांनी त्याच्या आधारे महाविद्यालयीन शिक्षण घेतले. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएट रशियाने स्पुटनिक हा कृत्रिम उपग्रह सोडल्यावर विज्ञान व तंत्रविद्या यांत आपण मागे पडलो, या भीतीने अमेरिकन लोकमत ढवळून निघाले. त्यातून राष्ट्रीय संरक्षण शिक्षण अधिनियम संमत झाला व राष्ट्राध्यक्ष ड्वाइट आयझनहौअर (कार. १९५३–६१) यांनी २ सप्टेंबर १९५८ रोजी त्यावर स्वाक्षरी केली. याच कायद्याने मध्यवर्ती शासनाची विद्यार्थी कर्जे प्रथम अस्तित्वात आली.

या योजनेत भांडवलाचा नऊ-दशांश भाग शासन व एक-दशांश भाग महाविद्यालय पुरवीत असे. विद्यार्थ्याला वर्षाला १,००० व एकूण ५,००० डॉलरपर्यंत कर्ज मिळे. व्याजाचा दर ३ टक्के असून शिक्षण संपल्यानंतर एक वर्षाने परतफेड सुरू होई व ती दहा वर्षांत पुरी करावयाची असे. सार्वजनिक शाळांत शिक्षकी पत्करणाऱ्यास दरवर्षी दहा टक्के याप्रमाणे निम्म्यापर्यंत कर्ज माफ होई. कर्जदाराने राजनिष्ठेच्या शपथेबरोबर, शासन उलथून टाकू पाहणाऱ्या संघटनांशी आपला संबंध नसल्याचे प्रतिज्ञापत्रही द्यावे, अशी अट कायद्यात होती. तिच्या निषेधार्थ हार्व्हर्ड, येल इ. विद्यापीठे योजनेतून बाहेर पडली. प्रतिज्ञापत्राची अट १९६२ मध्ये रद्द झाली. या कर्जांना पुढे पर्किन्झ कर्जे असे नाव मिळाले व २०१७ मध्ये ती देणे बंद झाले.

हमीची कर्जे : उच्च शिक्षण अधिनियमावर राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन (कार. १९६३–६९) यांनी ८ नोव्हेंबर १९६५ रोजी टेक्ससमधील सॅन मार्कस येथील, ते स्वतः शिकलेल्या महाविद्यालयात स्वाक्षरी केली. या कायद्याने योजनेचे स्वरूप पालटले. पैसा बँकांचा, हमी शासनाची, अशी नवी व्यवस्था आली. वार्षिक उत्पन्न १५,००० डॉलरपेक्षा कमी असलेल्या कुटुंबांतील विद्यार्थ्यांचे शिक्षणकाळातील व्याज शासन भरी. बँकांना दीर्घ मुदतीच्या या कर्जांत पैसा अडकवून ठेवणे नको होते. म्हणून १९७२ मध्ये ती विकत घेणारी ‘सॅली मे’ या नावाने ओळखली जाणारी संस्था शासनाने निर्माण केली. त्याच वर्षी गरीब विद्यार्थ्यांसाठी जी मूलभूत अनुदाने सुरू झाली, त्यांना १९८० पासून सीनेटर क्लेबॉर्न पेल यांचे नाव देण्यात आले.

अनुदान हा पाया व कर्ज ही पूरक बाब, अशी धोरणकर्त्यांची कल्पना होती. तथापि पुढील काळात हे प्रमाण उलटे झाले. १९७८ मध्ये मध्यमवर्गाच्या मागणीवरून उत्पन्नाची मर्यादा काढून टाकण्यात आली, तेव्हा व्याजसवलतीची कर्जे सर्वांना खुली झाली. खर्च भरमसाट वाढल्यामुळे राष्ट्राध्यक्ष रॉनल्ड रीगन (कार. १९८१–८९) यांच्या कारकीर्दीत, १९८१ मध्ये, मर्यादा पुन्हा आली व कर्जाच्या रकमेतून ५ टक्के आकार आधीच कापून घेण्यात येऊ लागला. विद्यार्थ्यांच्या आईवडिलांसाठी १९८० मध्ये स्वतंत्र कर्जे निघाली. १९९२ च्या दुरुस्तीने गरजेचा निकष न लावता विनासवलत कर्जे देण्याची सोय केली. त्यांवर शिक्षण चालू असतानाही व्याज चढत राहते. राज्यांनी सार्वजनिक विद्यापीठांच्या अनुदानांत वेळोवेळी केलेली कपात व वाढती शुल्के यांमुळे कर्जाची गरज वाढत गेली. शासकीय कर्ज सहज मिळू लागल्यानेच महाविद्यालयांनी शुल्के वाढविली, असाही आक्षेप घेण्यात येतो. त्याविषयी अर्थशास्त्रज्ञांत एकमत नाही.

बँकांमार्फत कर्जे देण्याच्या पद्धतीत जोखीम शासनाची व नफा बँकांचा, अशी टीका होत असे. १९९३ च्या कायद्याने शासनाने थेट कर्जे देण्याची व्यवस्था केली. सुमारे दीड तप दोन्ही पद्धती शेजारी शेजारी चालल्या. २०१० च्या कायद्याने बँकांची योजना बंद झाली आणि त्या वर्षीच्या १ जुलैपासून मध्यवर्ती शासन हेच एकमेव शासकीय कर्जदाते राहिले.

परतफेड : अमेरिकेत शिक्षण संपल्यावर किंवा सोडल्यावर साधारणतः सहा महिन्यांनी हप्ते सुरू होतात. प्रमाणभूत मुदत दहा वर्षांची आहे. उदा., ६ टक्के व्याजाने ३०,००० डॉलर घेणाऱ्यास दरमहा सुमारे ३३३ डॉलर भरावे लागतात व दहा वर्षांत एकूण जवळजवळ ४०,००० डॉलर फेडावे लागतात. हा हप्ता पगाराच्या मानाने जड वाटणाऱ्यांसाठी १९९० नंतर उत्पन्नावर आधारित योजना निघाल्या. २००९ मध्ये अंमलात आलेल्या योजनेत निर्वाहापुरते उत्पन्न वगळून उरलेल्याच्या १५ टक्के हप्ता ठरविण्यात आला आणि २५ वर्षांनंतर उरलेले कर्ज माफ करण्याची तरतूद झाली. नंतरच्या योजनांत तो दर १० टक्क्यांवर आला. या पद्धतीतही एक अडचण आहे. वरील उदाहरणातील कर्जदाराला दरमहा १०० डॉलरचाच हप्ता बसला, तर वर्षाला १,२०० डॉलर भरले जातात. पण व्याज १,८०० डॉलर होते. नियमाने हप्ते भरूनही देणे वाढत जाते. अशा कर्जदारांची संख्या मोठी असून, आपण फेडतो आहोत की बुडतो आहोत हेच त्यांना कळेनासे होते.

थकबाकीचे स्वरूपही सर्वसाधारण समजुतीहून वेगळे आहे. सर्वांत मोठी कर्जे वैद्यक, कायदा यांसारख्या शाखांच्या पदवीधरांची असतात. परंतु ती बहुधा फिटतात. लहान कर्ज काढून, अभ्यासक्रम अर्धवट सोडलेल्यांची कर्जे अधिक प्रमाणात थकतात. कारण त्यांच्याजवळ कर्ज असते, पदवी नसते. १९८० नंतरच्या दशकात नफ्यासाठी चालविलेल्या व्यवसाय-शाळांनी गरीब तरुणांना मोठ्या संख्येने दाखल करून घेतले व त्यांच्या नावावर कर्जे काढविली. १९९० च्या गटातील थकबाकीदारांचे प्रमाण २२·४ टक्क्यांवर पोहोचले. त्यानंतर थकबाकीचे प्रमाण जास्त असलेल्या संस्थांना योजनेतून वगळण्याचा नियम कडकपणे लागू झाला व हे प्रमाण खाली आले.

नादारी व सक्तीची वसुली : सामान्य ऋणकोला नादारीच्या कायद्याने देण्यांतून मोकळे होता येते. विद्यार्थी कर्जाच्या बाबतीत ही वाट अमेरिकेत टप्प्याटप्प्याने बंद करण्यात आली. पदवी घेताच नादारी जाहीर करून कर्ज बुडविले जाते, अशी हाकाटी झाल्यावरून १९७६ मध्ये परतफेडीच्या पहिल्या पाच वर्षांत अशी मुक्ती मिळू नये, असा नियम झाला. १९९० मध्ये ही मुदत सात वर्षांची झाली व १९९८ मध्ये मुदतीची सवलतच गेली. २००५ मध्ये खाजगी विद्यार्थी कर्जांनाही हाच नियम लावण्यात आला. तेव्हापासून ‘अवाजवी हलाखी’ न्यायालयात सिद्ध केल्याखेरीज सुटका होत नाही. शासकीय कर्जांच्या वसुलीवरील मुदतीचे बंधन १९९१ मध्येच उठले होते. २७० दिवस हप्ते चुकल्यास कर्ज बुडीत ठरते. त्यानंतर न्यायालयाच्या हुकुमाशिवाय वेतनातून १५ टक्क्यांपर्यंत रक्कम कापण्याचा व प्राप्तिकराचा परतावा अडकविण्याचा अधिकार शासनाला आहे. वृद्धापकाळाच्या सामाजिक सुरक्षा वेतनातूनही जुन्या विद्यार्थी कर्जाची वसुली करता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये दिला. तारुण्यात घेतलेले कर्ज म्हातारपणापर्यंत पाठ सोडत नाही, ही स्थिती या कायद्यांमुळे उद्‌भवली.

कर्जमाफीचा प्रश्न : शासकीय व धर्मादाय सेवेत दहा वर्षे (१२० हप्ते) राहणाऱ्यांचे उरलेले कर्ज माफ करण्याची योजना २००७ मध्ये संमत झाली. २०१७ पासून अर्ज येऊ लागले, तेव्हा आरंभीचे सुमारे ९९ टक्के अर्ज नामंजूर झाले. चुकीच्या प्रकारचे कर्ज वा चुकीची हप्ता-योजना ही कारणे प्रामुख्याने पुढे आली. ज्यांना योजनेचा भरवसा देण्यात आला होता, त्या शिक्षक, परिचारिका आदींमध्ये त्यामुळे मोठी निराशा पसरली. २०२१ नंतर नियम शिथिल केल्यावर लक्षावधी सेवकांना माफी मिळाली.

कोविड-१९ च्या साथीत मार्च २०२० पासून हप्ते व व्याज थांबविण्यात आले. ते २०२३ च्या सप्टेंबर–ऑक्टोबरमध्ये पुन्हा सुरू झाले. दरम्यान राष्ट्राध्यक्ष जो बायडन (कार. २०२१–२५) यांनी ऑगस्ट २०२२ मध्ये, ठराविक उत्पन्नाखालील कर्जदारांचे १०,००० डॉलरपर्यंत आणि पेल अनुदान घेतलेल्यांचे २०,००० डॉलरपर्यंत कर्ज माफ करण्याची घोषणा केली. काँग्रेसच्या स्पष्ट संमतीविना एवढी माफी देण्याचा अधिकार शासनाला नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ३० जून २०२३ रोजी ६ विरुद्ध ३ मतांनी दिला. माफीच्या पुरस्कर्त्यांनी जुन्या धोरणांतील अन्यायाचे परिमार्जन, असा तिचा कैवार घेतला. ज्यांनी पोटाला चिमटा घेऊन कर्ज फेडले किंवा जे महाविद्यालयात गेलेच नाहीत, त्यांच्यावर हा भार का, असा विरोधकांचा प्रश्न होता. २०२३ मध्ये निघालेली सवलतीची परतफेड योजना २०२४ मध्ये न्यायालयांनी रोखली. ४ जुलै २०२५ च्या कायद्याने, १ जुलै २०२६ पासूनच्या नव्या कर्जदारांसाठी पदव्युत्तर विद्यार्थ्यांची अमर्याद कर्जे बंद करून त्यांवर एकूण मर्यादा घालण्याचे ठरविले आणि माफीची मुदत ३० वर्षांवर नेणारी नवी परतफेड योजना आणली. या सुमारास चार कोटींहून अधिक व्यक्तींकडून शासनाचे सुमारे १·६ लाख कोटी डॉलर येणे होते.

उत्पन्नसापेक्ष पद्धती : अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९५५ मध्ये असे सुचविले, की विद्यार्थ्याला ठराविक कर्ज न देता त्याच्या भावी उत्पन्नातील हिश्श्याच्या बदल्यात भांडवल द्यावे. येल विद्यापीठाने १९७१ मध्ये या धर्तीवर एक प्रयोग केला. त्यात एका वर्षीच्या सर्व कर्जदारांनी मिळून गटाचे देणे फेडावयाचे होते. बुडविणाऱ्यांचा भार फेडणाऱ्यांवर पडू लागल्याने असंतोष वाढला व १९७८ मध्ये नवे कर्जदार घेणे थांबले.

ही कल्पना राष्ट्रीय पातळीवर प्रथम ऑस्ट्रेलियाने यशस्वीपणे राबविली. १९७४ मध्ये तेथे विद्यापीठीय शुल्क रद्द झाले होते. १९८९ मध्ये ते वर्षाला १,८०० डॉलर (ऑस्ट्रेलियन) या समान दराने पुन्हा लावले गेले. परंतु प्रवेशाच्या वेळी ते भरण्याची सक्ती नव्हती. अर्थशास्त्रज्ञ ब्रूस चॅपमन यांनी आखलेल्या या पद्धतीत पदवीधराचे उत्पन्न विशिष्ट पातळीवर गेल्यावरच प्राप्तिकराबरोबर वसुली होते. नोकरी गेली, की वसुली आपोआप थांबते. वास्तव व्याज नसते. फक्त महागाईच्या प्रमाणात देणे वाढविले जाते. २०२३ मध्ये ही वाढ ७·१ टक्के झाल्याने असंतोष माजला. त्यानंतर तिच्यावर वेतनवाढीच्या दराची मर्यादा घालण्यात आली व २०२५ मध्ये सर्वांचे देणे २० टक्क्यांनी कमी करण्याचा कायदा झाला.

ब्रिटनमध्ये १९६२ च्या कायद्याने पूर्ण वेळ पदवी-विद्यार्थ्यांना निर्वाह-अनुदान मिळण्याची व्यवस्था होती. १९९० मध्ये त्याला कर्जाची जोड मिळाली. १९९८ मध्ये १,००० पौंड शुल्क व उत्पन्नसापेक्ष परतफेड आली. शुल्काची कमाल मर्यादा इंग्लंडमध्ये २००६ मध्ये ३,००० व २०१२ मध्ये ९,००० पौंड झाली. २०२३ पासून प्रवेश घेणाऱ्यांना २५,००० पौंडांवरील उत्पन्नाच्या ९ टक्के याप्रमाणे ४० वर्षांपर्यंत परतफेड करावी लागते. स्कॉटलंडने मात्र आपल्या रहिवासी विद्यार्थ्यांना पहिल्या पदवीपर्यंत शुल्कमुक्त ठेवले आहे.

भारत : केंद्र शासनाने १९६३ मध्ये राष्ट्रीय कर्ज-शिष्यवृत्ती योजना सुरू केली. गुणवान परंतु गरजू विद्यार्थ्यांना तीतून बिनव्याजी कर्ज मिळे आणि शिक्षकी पेशा पत्करणाऱ्यांना माफीची सवलत असे. रकमा तुटपुंज्या होत्या, कर्जदारांचा ठावठिकाणा ठेवणारी यंत्रणा नव्हती व पदवीधरांची बेकारी मोठी होती. परिणामी वसुली अत्यल्प राहिली व योजना पुढे बंद पडली. प्राप्तिकर भरणाऱ्यांचे लोकसंख्येतील प्रमाण अल्प असल्याने ऑस्ट्रेलियासारखी करयंत्रणेमार्फत वसुलीही भारतात सहजशक्य नव्हती.

महाराष्ट्रात कर्जापेक्षा वेगळे मार्ग आधीपासून रूढ होते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्थेत (स्था. १९१९) ‘कमवा व शिका’ हे तत्त्व अंमलात आणले; त्यात विद्यार्थी शिकत असतानाच श्रमाच्या रूपाने खर्च फेडीत असे. यशवंतराव चव्हाण यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात आर्थिक दृष्ट्या मागास पालकांच्या मुलांना शुल्कमाफी मिळू लागली. ‘ईबीसी’ या नावाने घरोघरी परिचित झालेल्या या सवलतीमुळे ग्रामीण भागातील अनेक कुटुंबांतील पहिली पिढी कर्जाविना महाविद्यालयात जाऊ शकली. १९८० नंतर विनाअनुदानित अभियांत्रिकी व वैद्यकीय महाविद्यालये वाढली, तेव्हा शुल्काचा प्रश्न नव्याने उभा राहिला.

२००१ मध्ये भारतीय बँक संघाने आदर्श शैक्षणिक कर्ज योजना आखली. तीनुसार बँका स्वतःच्या पैशांतून कर्ज देतात. ४ लाख रुपयांपर्यंत तारण मागितले जात नाही आणि अभ्यासक्रमाचा काळ व त्यापुढील एक वर्ष हप्ते घेतले जात नाहीत. वार्षिक उत्पन्न साडेचार लाख रुपयांपर्यंत असलेल्या कुटुंबांसाठी या सवलतकाळातील व्याज भरण्याची योजना केंद्र शासनाने २००९ मध्ये सुरू केली. २०१५ मध्ये साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जांसाठी हमी निधी व अर्जांसाठी ‘विद्यालक्ष्मी’ ही संगणकीय व्यवस्था आली. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांतील विद्यार्थ्यांना तारणाविना कर्ज व आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत देण्याची तरतूद आहे.

भारतीय पद्धतीत आईवडील बहुधा सहकर्जदार असतात. त्यामुळे नोकरी न मिळाल्यास परतफेडीचा भार थेट कुटुंबावर पडतो. हप्ता उत्पन्नावर नव्हे, तर कर्जाच्या रकमेवर ठरतो. नामांकित संस्थांतील विद्यार्थ्यांना कर्ज सुलभ होते. सामान्य महाविद्यालयातील कला वा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याकडे बँका साशंकतेने पाहतात. कर्जाची सर्वाधिक गरज व ते मिळण्याची सर्वांत कमी शक्यता ही एकाच विद्यार्थ्याच्या वाट्याला येतात. अमेरिकेच्या अनुभवावरून असे दिसते, की कर्ज मिळणे सोपे करणे हा प्रश्नाचा अर्धाच भाग आहे. विद्यार्थी अभ्यासक्रम पूर्ण करतो की नाही, शिकविणारी संस्था जबाबदार आहे की नाही आणि अपयश आल्यास त्याला सन्मानाने सुटण्याची वाट आहे की नाही, यांवर कर्जाचा बरावाईट परिणाम अवलंबून असतो.